गोजराची तुंबी

एक होती कुंभारआळी. आळीच्या टोकाला एक घर, घरात एक चाक, आणि चाकाजवळ दोघं, बहीण आणि भाऊ. बहिणीचं नाव गोजरा. भावाचं नाव म्हसू. आईबाप लहानपणीच गेले होते. गोजरानंच म्हसूला वाढवलं. तो तिला आक्का म्हणायचा.

म्हसू चाकावर मडकी घडवायचा. हात चांगला होता त्याचा. पण डोकं गरम, बरं का. चुलीवरचं पाणी तापायला तरी वेळ लागतो, म्हसूला लागायचा नाही. माती चिकटली, मार लाथ. चाक अडलं, घाल शिवी. भाकरीला उशीर झाला, सरकव ताट. मग थोड्या वेळानं स्वतःच ओशाळून हसायचा. गोजरा म्हणायची, "झालं वादळ? ये आता जेवायला."

बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी त्या आळीची रीत. पण घडलेलं मडकं ओलसर असतानाच त्याच्यावर पांढऱ्या मातीची वेल काढायची, ते काम गोजराचं. त्यासाठी तिच्याकडे एक तुंबी होती. तुंबी म्हणजे काय? कडू भोपळा असतो ना, तो अगदी लहान, मुठीएवढा, वाळवून आतून कोरलेला. तिला दोन भोकं. एका भोकात बगळ्याच्या पिसाची पोकळ दांडी, मेणानं घट्ट बसवलेली. दुसऱ्या भोकाला ओठ लावायचे. आत शाडूची माती, पातळ, दाट ताकासारखी कालवलेली. गोजरा हळूच फुंकायची, आणि दांडीतून पांढरी रेघ उतरायची. शेवईसारखी. मडक्यावर ती उठून बसायची. डोळे मिटून बोट फिरवलं तरी वेल कळायची, इथे पान, इथे कळी, इथे वळण.

त्या गावात मुलीचं लग्न ठरलं की कुंभाराकडून उतरंड जायची. खाली मोठं मडकं, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, अशी पाच मडकी एकावर एक. वेल खालच्या मडक्यावर सुरू व्हायची आणि चढत चढत वरच्या मडक्याच्या काठाशी जाऊन थांबायची. मधे तुटायची नाही.

आणि आता ऐका गंमत. सासरी गेलेल्या मुलीला घरची आठवण आली की ती मडक्याला कान लावायची. मग काय ऐकू यायचं? तिचं माहेर. आईच्या बांगड्या, आजोबांचा खोकला, जात्याची घरघर, दारातली कोंबडी. सगळं. जणू भिंतीपलीकडे.

हे कसं व्हायचं? गोजरा वेल काढण्याआधी त्या मुलीच्या घरी जायची. उंबऱ्यावर बसायची. घरातला वारा तोंडभर घ्यायची, गाल फुगवायची आणि तोंड मिटून तशीच घरी यायची. वाटेत बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचंही नाही. नाक मोकळं, तोंड बंद. करून बघा बरं. हं, बेडूक दिसताय अगदी. आता तसेच आळीभर चालून या म्हटलं तर? अवघड आहे की नाही? मग घरी येऊन ती तो श्वास तुंबीत फुंकायची. गोष्टीतला श्वास तो, जपून वापरला की पुरायचा.

अख्ख्या आळीला हे ठाऊक होतं. गोजरा गाल फुगवून निघाली की बायका पोरांना गप्प करायच्या. "हाक मारू नका रे तिला. तोंडात श्वास आहे तिच्या."

म्हसूलाही ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. म्हसूला ठाऊक होतं.

मग एकदा काय झालं, सटवाजी नावाड्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तिचं नाव हौसा. सासर कुठं? लांब, डोंगरापलीकडे. तिकडे नदीच नाही. विहिरी खोल, आणि माणसं घोट मोजून पाणी पितात म्हणे. आणि ही नावेत जन्मलेली पोर. तिला रात्री नदी ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. तिनं गोजराचा हात धरून सांगितलं, "गोजराक्का, मला बाकी काही नको. नदी तेवढी माझ्याबरोबर दे."

म्हसूनं पाच मडकी घडवली. गोजरा नावाड्याच्या घरी गेली, श्वास घेऊन आली, आणि खालच्या तीन मडक्यांवर वेल काढली. तेवढ्यात श्वास संपला. राहिली दोन. ती ओल्या तरटात गुंडाळून ठेवली. कारण मडकं सुकलं की पांढरी माती त्याला धरत नाही, पापुद्रा होऊन गळून पडते. दुसऱ्या दिवशी गोजरा पुन्हा गेली, उरलेल्या दोन मडक्यांसाठी श्वास आणायला.

त्या दिवशी म्हसूचं काहीच धड होत नव्हतं. मातीत खडा निघाला, हात कापला. पोटात भूक. चूल थंड. आणि गोजरा दारातून आत आली, गाल फुगवून, हळूहळू.

"कुठं होतीस?" म्हसू ओरडला.

गोजरा गप्प.

"भाकरी कोण टाकणार? तुझी तुंबी?"

गोजरानं हातानं खूण केली, थांब.

"बोल ना! तोंडात दगड धरलाय का?"

आणि तुंबी कोनाड्यात होती. त्याच्या हाताजवळ. त्यानं उचलली आणि भिंतीवर मारली. फटकन फुटली. पांढरी माती भिंतीवर उडाली.

गोजराचं तोंड उघडलं. श्वास गेला. ती एवढंच म्हणाली, "अरे, म्हसू."

बास. रागावली नाही. रडली नाही. खाली बसून चूल पेटवायला लागली.

म्हसूला तेव्हाच लाज वाटली. पाय धरावेत असं वाटलं. पण जीभ उचलेना. शिवी द्यायला जी जीभ पळायची, ती आता टाळूला चिकटून बसली. त्यानं मनात म्हटलं, उद्या म्हणू. त्यानं तुकडे गोळा केले आणि भट्टीच्या राखेत खोल पुरून टाकले.

संध्याकाळी गोजराला ताप आला. मोठी साथ होती त्या वर्षी, घरोघर माणसं आजारी होती. म्हसू उशाशी बसला. तो वाट बघत होता की आक्का आता तरी रागवेल. रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती तापात एकच म्हणत राहिली, "तरटं ओली ठेव हं. मडकी सुकू देऊ नको."

मग ती गेली.

हो बबे, गेली. मेली. गोष्टीतही माणसं मरतात. तापानं गेली, तुंबी फुटल्यानं नव्हे. पण म्हसूला ते कोण सांगणार? त्यानं कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

सगळी आळी आली. ठकूकाकू शेजारीण. तिनं म्हसूच्या डोक्यावरून हात फिरवला. "बिचारा रे माझा म्हसू," ती म्हणाली. "किती जीव होता तुझा बहिणीवर." म्हसूनं मान खाली घातली. जो येई तो म्हणे, बिचारा. ते बिचारा म्हणजे त्याला काटा वाटायचा. त्याला वाटायचं, ओरडून सांगावं, मी बिचारा नाही, मी वाईट आहे. पण सांगितलं नाही. लोकांनी दिलेली भाकरी खाल्ली, आणि तीही घशात अडकली.

सुतक असेपर्यंत चाक बंद. म्हसू एकच काम करायचा. सकाळ, दुपार, संध्याकाळ तरटांवर पाणी शिंपडायचा.

सुतक फिटलं. सटवाजी नावाडी दारात आला. बिचकतच बोलला. "म्हसू, विचारू नये अशा वेळी. पण पोरगी विचारते. उतरंड होईल का रे पुरी? नसेल होत तर तसं सांग, मी समजावतो तिला."

विचार करून बोलेल तर तो म्हसू कसला? "होईल, दादा!" तो म्हणाला. "न व्हायला काय झालं?"

सटवाजी डोळे पुसत गेला. आणि म्हसू कपाळावर हात मारून बसला. तुंबी नाही. शिकवणारी नाही. आणि मडकी तर दिवसेंदिवस घट्ट होत चाललेली.

मग त्यानं काय केलं? पपईच्या झाडाकडे धावला. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्यानं देठ तोडला, आत पांढरी माती भरली, मडक्यासमोर बसला आणि जोरात फुंकलं. भस्सकन सगळी माती एकदम बाहेर! मडक्यावर गांडुळाएवढा जाड गोळा, आणि उरलेली म्हसूच्या नाकावर. त्यानं ओल्या फडक्यानं मडकं पुसलं.

मग त्यानं बैलाचं जुनं शिंग आणलं. टोक कापलं, बारीक भोक पाडलं, वरून माती ओतली. रेघ बरी आली. पण थांबेना! तो हात उचलायचा, शिंग ठिबकायचं. तो उठून उभा राहायचा, शिंग ठिबकायचं. मडक्यावर, जमिनीवर, पायावर पांढरे ठिपके. जशी काही कोंबड्यांची रात्रभर वस्ती. पुन्हा पुसलं.

मग तिसऱ्यांदा त्यानं जे केलं ते सांगायलाही नको वाटतं. दोरीवर गोजराचं लुगडं होतं. त्यानं विळी घेतली आणि पदराचा कोपरा टराटरा कापला. त्याची पुडी वळली, माती भरली, पिळली. कापड जुनं, झिजलेलं. माती टोकातून येईना, सगळीकडून पाझरायला लागली. हात बरबटले. तो कोपरा चिखलाचा गोळा झाला, आणि लुगडं दोरीवर फाटकं लोंबत राहिलं.

म्हसूनं ते पाहिलं आणि जमिनीवर बसला. आता मात्र तो रडला. मोठ्यानं नाही. कुणी ऐकलं असतं तर पुन्हा बिचारा म्हटलं असतं ना.

तेवढ्यात आवाज आला. "सरक जरा. उजेड अडवतोयस."

म्हसूनं वर पाहिलं. भिंतीवर एक कुंभारीण बसली होती. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी मातीची इवली इवली घरटी बांधते. तिला कुंभारीणच म्हणतात, बरं का. तुंबी फुटून भिंतीवर जो पांढरा डाग पडला होता, तिथेच ती घरटं बांधत होती.

"तू बोलतेस?" म्हसू म्हणाला.

"मी बोलते, काम करते, आणि फोडत नाही," कुंभारीण म्हणाली. "तुझ्यापेक्षा तीनही गोष्टी बऱ्या."

म्हसूचा चेहरा लाल झाला. म्हणजे हिनं पाहिलं होतं.

"सगळ्यांना सांगणार का?"

"मला काय पडलंय? माझी माती वाळते इथे." तिनं मातीची गोळी थापली. "पपईच्या देठाला पोट नाही, शिंगाला ओठ नाहीत, फडक्याला अंग नाही. माती धरायला पोट लागतं. सोडायला बारीक गळा लागतो. आणि फुंकायला एक तोंड. एवढं साधं. तुझी बहीण माझ्याकडे बघत बघत शिकली. तू माझ्यावर चपला फेकायचास."

"चुकलो," म्हसू म्हणाला.

"मला काय म्हणतोस?" कुंभारीण म्हणाली, आणि पुढची गोळी आणायला उडून गेली.

म्हसू उठला. नदीवर गेला. नावाडी लोक नावेला वाळलेले भोपळे बांधतात, बुडणाऱ्याला धरायला. त्यात एक अगदी लहान होता. सटवाजीनं दोरी सोडून तो हातात दिला. "हौसा लहान असताना हाच पोटाला बांधून पोहायला शिकली," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण गोजराची तुंबी होती ना? ती कुठं गेली?"

"फुटली," म्हसू म्हणाला.

"कशी?"

"फुटली."

सटवाजीनं त्याच्याकडे पाहिलं. मग नदीकडे पाहिलं.

आता राहिलं पीस. काठाशी बगळा उभा होता. म्हसूनं दगड मारला. बगळा उडाला, पलीकडे बसला. म्हसू पोहत पलीकडे गेला आणि दबा धरून झेपावला. बगळा उडाला, म्हसू चिखलात तोंडघशी. तिसऱ्या वेळी त्याच्यात बळच राहिलं नाही. तो काठावर बसला, गुडघ्यात मान घातली. फाटकं लुगडं डोळ्यांपुढे आलं, भिंत आली, ते "अरे, म्हसू" आलं. त्याला वर बघावंसंच वाटेना. आकाशाकडेसुद्धा नाही.

आणि मान खाली घालून बसलेला माणूस बगळ्याला काय वाटतो? खुंट. लाकडाचा खुंट. बगळा आला आणि त्याच्या शेजारी एका पायावर उभा राहिला. म्हसू हलला नाही. बगळ्यानं चोचीनं पंख साफ केले. खाजवलं, झटकलं. एक लांब पांढरं पीस म्हसूच्या पायाशी पडलं. बगळा उडून गेल्यावरच त्यानं ते उचललं.

मग त्यानं तुंबी केली. भोपळ्याला दोन भोकं पाडली. बिया काढल्या, आत वाळू घालून खळखळ हलवली, पाण्यानं धुतली. पिसाची दांडी तिरकी कापली, मेणानं बसवली. घाई केली नाही.

तरटं काढून पाहिली. मडकी अजून ओलसर होती, पण थोडीच. बोटाचा ठसा जेमतेम उठत होता. आज वेल काढली तर काढली. उद्या नाही.

मग म्हसू नावाड्याच्या घरी गेला. उंबऱ्यावर बसला. आत हौसा तांदूळ निवडत होती. मागे नदी. त्यानं तोंडभर वारा घेतला, गाल फुगवले, तोंड मिटलं आणि निघाला.

आळीच्या तोंडाशी पोरं खेळत होती. "ए, बेडूक बघा, बेडूक!" एकानं खडा मारला. म्हसूची मूठ वळली. एरवी त्यानं त्या पोराची चामडी लोळवली असती. पण तोंड उघडलं असतं तर श्वास गेला असता. तो चालत राहिला.

पुढे पारावर म्हातारे बसले होते. "म्हसू, जेवलास का बाबा? अरे, ओ तरी दे. बघा, बहिणीच्या दुःखानं बिचाऱ्याची वाचा गेली." म्हसू चालत राहिला. तोही काटा गिळला.

आणि त्याच्या घरासमोर कोण उभी होती? ठकूकाकू. भांडी घासायला राख न्यायला आली होती. सगळी आळी त्याच्या भट्टीची राख न्यायची. तिनं खोल हात घातला होता, आणि तिच्या हातात काय होतं? भोपळ्याचा तुकडा. त्याला चिकटलेलं बगळ्याचं पीस.

"म्हसू!" ठकूकाकू ओरडली. तिचा आवाज नदीपर्यंत जायचा. "ही गोजराची तुंबी. ही राखेत कशी? आपोआप गेली चालत? आणि भिंतीवर तो पांढरा डाग कसला? म्हसू, मी तुला विचारते. बहिणीची तुंबी तू फोडलीस?"

घराघरांतून माणसं बाहेर आली. म्हातारे आले, पोरं आली. सगळे बघत होते.

"बोल ना! तोंडात दगड धरलाय का?"

म्हसूच्या कानात ते शब्द पडले. ते त्याचेच होते. आणि तो उभा होता, गाल फुगवून, जशी आक्का उभी होती. आत एवढं मोठं काही धरलेलं, आणि समोरचा ओरडतोय, आणि सांगताही येत नाही की थांब. तेव्हा त्याला कळलं. आधी कळलं होतं ते डोक्याला. आता गालांना कळलं, ओठांना कळलं.

मांजरानं फोडली म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. चुकून पडली म्हणायलाही नव्हतं. मग त्यानं सगळ्या आळीसमोर मान हलवली. हो. फुगलेले गाल, डोळ्यांतून पाणी, आणि मान खाली-वर. हो. मीच.

एक पोरगं हसलं, कारण दिसतच होता तसा.

ठकूकाकूचा हात वर गेला होता. तिनं त्याच्या गालांकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

"बाजूला व्हा रे सगळे," ती म्हणाली. "तोंडात श्वास आहे त्याच्या. आधी काम होऊ दे. मग बघते मी याच्याकडे."

माणसं बाजूला झाली. म्हसू आत गेला. मडकी एकावर एक लावली. गोजराची वेल तिसऱ्या मडक्याच्या गळ्याशी थांबली होती. शेवटचं पान अर्धं होतं. त्यानं तुंबीला ओठ लावले, दांडी त्या अर्ध्या पानाशी टेकवली आणि फुंकलं. हळू.

रेघ आली. थरथरली. पण आली. तो पान पुरं करून पुढे निघाला. चौथं मडकं, पाचवं मडकं. गोजराची वेल कशी, झुळझुळ चढलेली. याची ठेचकाळत चढलेली. कुणीही बघितलं तरी सांगेल, इथे हात बदलला. म्हसूला त्याचीही लाज वाटली. पण पुसलं नाही. काठाशी आला, शेवटची कळी काढली, आणि श्वास संपला.

मग तो बाहेर आला. ठकूकाकू पायरीवर बसून होती. तिनं उठून त्याचा कान पिळला, असा पिळला की त्याला तारे दिसले. "हा गोजराचा," ती म्हणाली. "आणि ही माझी," म्हणून फडक्यातली भाकरी त्याच्या हातात दिली. त्या दिवशी ती घशाखाली उतरली. त्यानंतर त्याला कुणी बिचारा म्हटलं नाही. काही जण बरेच दिवस बोललेच नाहीत. म्हसूला ते बरं वाटलं.

मडकी सुकली, भट्टीत गेली, लाल होऊन निघाली. एकही तडकलं नाही. हौसाचं लग्न झालं. उतरंड बैलगाडीत बसून डोंगरापलीकडे गेली.

मग नागपंचमी आली. लेकी माहेरी आणायचे दिवस. हौसाला भाऊ नव्हता. सटवाजी म्हणाला, "म्हसू, तू जा मुराळी होऊन. आण तिला."

म्हसूला वाटलं, मी कुठल्या तोंडानं कुणाचा भाऊ होऊन जाऊ? पण गेला.

तिकडे खरंच नदी नव्हती. लाल माती, उन्हात तापलेली ढेकळं. पण हौसा हसत दारात आली. तब्येत चांगली होती तिची. "आलास? आत ये. तुला एक ऐकवते." तिनं त्याला उतरंडीजवळ नेलं. "वरच्या मडक्याला कान लाव."

म्हसूनं लावला. आधी नदी आली. मग एकदम, "म्हसू! ही गोजराची तुंबी. ही राखेत कशी?" ठकूकाकू! अख्खीच्या अख्खी! श्वास तोंडात असताना जे जे झालं ते सगळं आत बसलं होतं.

म्हसू कानापर्यंत लाल झाला. "अगं, हे घरात सगळे ऐकतात?"

"रोज," हौसा म्हणाली. "माझी सासू तर जेवण झालं की म्हणते, लावा गं कान, काकू काय म्हणते बघू. सुरुवातीला मला इथे रडू यायचं, तेव्हा तुमच्या आळीचं हे भांडण ऐकलं की हसू यायचं. माहेरचं भांडणसुद्धा हवं असतं रे."

मग म्हसूनं हळूच विचारलं. "खालच्यात... आक्काचा आवाज येतो का?"

हौसानं मान हलवली. "नाही रे. तिनं तोंड मिटलेलं होतं ना. पण तू ऐक."

ती बाहेर गेली. म्हसू जमिनीवर आडवा झाला आणि खालच्या मोठ्या मडक्याला कान लावला. नदी. वल्ह्याचा आवाज. कोंबडी. आणि त्याखाली, अगदी बारीक, पावलं. अनवाणी, झपझप, न थांबता. त्यानं ती पावलं लगेच ओळखली. रोज दारात ऐकलेली ती पावलं. आक्का श्वास घेऊन घरी येत होती.

"आक्का," म्हसू मडक्याला म्हणाला, "चुकलो गं."

पावलं थांबली नाहीत. थांबतील कशी? तिच्या तोंडात श्वास होता. तिला घरी पोचायचं होतं. ती चालत राहिली, झपझप, झपझप. म्हसू ऐकत राहिला, पार अंधार पडेपर्यंत.

मग त्यानं हौसाला माहेरी आणलं. पंचमी झाली. पुढे कितीतरी मुलींच्या उतरंडी म्हसूनं केल्या. वेल त्याची वाकडीच राहिली, पण तुटली कधी नाही. राग यायचा, नाही असं नाही. आला की तो गाल फुगवून बसायचा, आणि आळी समजायची. हौसा सुखात राहिली, सटवाजी सुखात राहिला, ठकूकाकू ओरडत ओरडत सुखात राहिली. म्हसूही राहिला.

आता तुम्ही. कुशीवर वळा. तोंडं मिटा. घरातला वारा घ्या आत, नाकानं, हळू. ठेवा थोडा. आता सोडा. असं. बबे, पाय आत घे. झोपा आता.